रहदारीच्या पोटात लपलेला टोल

साताऱ्याजवळ जुन्या रस्त्याच्या कडेला टोलवाल्याची दगडी खोली आहे, गावातली पोरं ती नीट करून पाटी लावणार आहेत, तर पाटीवर 'ब्रिटिशकालीन टोल प्लाझा' लिहायचं का 'जकात नाका', असं विचारलंय.

प्लाझा नको, हात जोडतो. हायवेवरच्या आनेवाडी, तासवडे टोलला हल्ली सगळे प्लाझा-प्लाझा करतात ते ऐकून आधीच कान किटलेत. स्पॅनिशमध्ये प्लाझा म्हणजे गावातला मोकळा चौक, आणि ही खोली जेमतेम दहा बाय दहाची!

जकातही नको. जकात मालावर असते. मराठेशाहीत माल जिथे भरला तिथे थळभरीत आणि जिथे विकला तिथे थळमोड नावाची जकात घेत, नंतर नगरपालिकांनी घेतली तीही मालावरच. टोल असतो वाट आणि पूल वापरल्याचा, मुंबई इलाख्यात त्याचा 1875 चा कायदाच वेगळा होता. ती खोली मी पाहिलीय. खिडकी जमिनीवर उभ्या माणसासाठी नाहीच, बैलगाडीत बसलेल्या गाडीवानाचा हात बरोबर पोचेल एवढी उंच आहे आणि खालचा दगड झिजून गुळगुळीत झालाय.

आता खरी गंमत. आपण साताऱ्यात 'पोवई नाक्यावर रहदारी फार' असं रोज म्हणतो, पण ही रहदारी मुळात ट्रॅफिक नव्हेच, ती टोल आहे! फारसीत राह म्हणजे वाट आणि दार म्हणजे राखणारा, जसा फौजदार, चौकीदार. राहदार म्हणजे वाट राखणारा माणूस, चोर-दरोडेखोरांपासून वाटसरूला सांभाळायचं आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे, ते पैसे म्हणजे राहदारी. मोगलाईत ही वसुली इतकी माजली की औरंगजेबाने गादीवर आल्यावर ती माफ केली, तरी ठिकठिकाणचे लोक घेतच राहिले. माझं मत असं की आधी पैसे, मग पैसे भरून जायची मुभा आणि मग ते नुसतं जाणं-येणं, असा हा शब्द सरकत आला. इराणमध्ये आजही रस्ते देखभालीच्या सरकारी खात्याच्या नावात राहदारी आहे, आणि रस्त्यावरच्या त्यांच्या ठाण्याला म्हणतात राहदारखाना. राहदारखाना! केवढा देखणा शब्द आहे, आणि आपल्याकडे तो कुणाला ठाऊकही नाही.

एका व्याख्यानात एका नावाजलेल्या सरांनी रहदारी 'राहणे'वरून आणली होती, माणसं राहतात तिथे रहदारी असते म्हणून. साफ चूक. मग त्यातलं 'दारी' कुठून आलं ते सांगा ना, घराच्या दारातून? मी तिथेच उठून विचारलं तर उत्तर आलं नाही, आणि तीच व्युत्पत्ती लोक अजून एकमेकांना पाठवतायत.

नाका मात्र खुशाल ठेवा. सुईच्या भोकालाही हिंदीत नाका म्हणतात, म्हणजे जिथून एकेक करूनच निघता येतं अशी चिंचोळी जागा, घाटाचं तोंड, पुलाचं टोक. कराडचा कोल्हापूर नाका, इकडे पेठ नाका, आता तिथे कोण अडवत नाही पण नाव टिकलंय.

तर पाटीवर 'जुना टोलनाका' लिहा, खाली बारीक अक्षरात 'राहदारखाना' आणि त्याचा अर्थ. आणि पोरांना सांगा, भिंती चुन्यातल्या आहेत, वरून सिमेंटचा गिलावा मारू नका, ओल आत कोंडते आणि दगड फुगून सुटतो. चुनाच वापरा, आणि त्या खिडकीखालच्या दगडाला तर रंगाचा ब्रशसुद्धा लागू देऊ नका.