सॅकमधली क्वार्टर आणि कोऱ्या कागदावरची सही

प्रश्न : मी २० वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलला राहतो. गॅदरिंगच्या रात्री कॉलेजच्या गेटवर पोलिसांनी माझी सॅक तपासली. मित्राने ठेवायला दिलेली व्हिस्कीची क्वार्टर सापडली. चौकीत दोन सह्या घेतल्या, त्यातला एक कागद कोरा होता. रात्री एकला सोडलं. आता ‘उद्या येऊन जा’ असे फोन येतात. वॉरंटशिवाय झडती घेता येते का?

उत्तर : वॉरंटचं खूळ आधी डोक्यातून काढा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ पोलिसांना पिशवी उघडून पाहण्याचा अधिकार देतो. शिवाय झडतीत खोट निघाली म्हणून सापडलेली बाटली पुराव्यातून आपोआप बाद होत नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९७४ पासून हेच सांगितलं आहे. हॉस्टेलची खोली असती तर गोष्ट वेगळी. तिथे झडतीची कारणं आधी लेखी नोंदवावी लागतात.

दारूच्या परमिटचाही उपयोग नाही. व्हिस्कीला २५ वर्षं पूर्ण लागतात, मग वाइन शॉपवाल्याने कितीही एक दिवसाची परमिटं फाडून दिलेली असोत. आणि ‘मित्राची होती’ हा बचाव लंगडा आहे. आत काय आहे हे ठाऊक असताना सॅकमध्ये ठेवलीत, म्हणजे ताबा तुमचाच.

मला खरी काळजी त्या कोऱ्या कागदाची वाटते. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला कोर्टात किंमत नाही, आणि तपासातल्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते. पण त्याच कागदावर उद्या जप्ती पंचनामा उतरला आणि एका क्वार्टरच्या सहा झाल्या, तर तुमची सही खालीच आहे. म्हणून आजच वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहा : कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या चौकीत कोऱ्या कागदावर सही घेतली, आणि सॅकमध्ये नेमकं काय होतं. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. झडती-जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १०५ नुसार सक्तीचं आहे, तेही जपून ठेवण्याची मागणी अर्जात करा. कॉलेजलाही गेटवरचं फुटेज राखून ठेवायला लेखी कळवा. काही दिवसांत ते पुसलं जातं.

फोनवरच्या बोलावण्याला ‘कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्या, हजर राहतो’ एवढंच नम्रपणे सांगा; अटक न करता हजर राहायला सांगणारी, याच संहितेतली ही नोटीस. व्हॉट्सॲपवर धाडलेली नोटीस चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. रीतसर नोटीस हातात पडली की मात्र जायचंच. टाळलंत तर अटकेला निमित्त मिळेल.

केस कोर्टात गेली तर ‘गुन्हा कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो’ असं सांगणारे कोर्टाच्या दारातच भेटतील. ऐकू नका. तो दंड म्हणजे दोषसिद्धी, आणि नोकरीच्या फॉर्मवर ती लिहावी लागते. त्याऐवजी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा (प्रोबेशन, म्हणजे शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं) लाभ मागा. त्याखाली समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडलं, तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. २१ च्या आतल्या आरोपीला तुरुंगात धाडायचं तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. मात्र वय गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, निकालाच्या दिवशीचं धरतात. तेव्हा वाढदिवस कधी आहे ते वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.