उन्हाळ्यात सगळ्यांना आवडेल अशी हलकी एल बीअर घरी करायची आहे. संत्र्याची साल घालू की मध?

दोन्ही नको.

तुम्ही लिहिलंय की ब्लाँड एलची, म्हणजे फिक्या रंगाच्या एलची, साधी रेसिपी हाताशी आहे, पण पाहुण्यांत बीअर फारशी न पिणारेच जास्त, म्हणून काहीतरी घालून ती ‘सोपी’ करायची आहे. नेमकं हेच वाक्य मी वर्षानुवर्षं माझ्या मेहुण्याच्या तोंडून ऐकतोय. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मधाचं चटकन उरकू. मधानं बीअर गोड होत नाही. त्यातली साखर जवळपास सगळी यीस्ट खाऊन टाकतं, गोडवा मागे राहत नाही, उलट बीअर आणखी कोरडी होते आणि अल्कोहोल वाढतं. म्हणजे ज्यांना हलकं हवंय त्यांच्याच हातात तुम्ही जरा जास्त चढणारी बीअर देणार. थोडा सुगंध उरतो, पण उकळत्या वर्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, म्हणजे माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बीअर होते) मध घातलात तर तोही बराचसा उडून जातो.

आता साल. मेहुणा आणि मी एकत्र ब्रू करतो. माल्ट भरडण्यापासून बाटल्या घासण्यापर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चालतं, पण उकळीची शेवटची पाच मिनिटं उरली की हा कुठूनतरी पुडी काढतो. कधी साल, कधी धणे, कधी आलं. “दाजी, नुसती बीअर कोण पितं? लोकांना काहीतरी लागतं.” वर बेल्जियमचे ब्रुअर पिअर सेलिस यांचा दाखला ठरलेलाच: त्यांनी 1966 मध्ये हूगार्डन गावात बंद पडलेली विटबीअर, म्हणजे गव्हाची बीअर, पुन्हा सुरू केली, त्यात साल आणि धणे होतेच की! होते ना. पण विटबीअरमध्ये मोड न आणलेला गहू, ते विशिष्ट यीस्ट, साल, धणे हे सगळं मिळून एकच बेत आहे. तिथे साल काही झाकायला आलेली नाही. आमच्याकडे ती झाकायलाच यायची.

शेवटी एकदा वाद मिटवायचा म्हणून एकच वर्ट केलं आणि दोन फर्मेंटरांत, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यांत, निम्मं निम्मं वाटलं. यीस्ट दोघांचं एकच, सेफएल यूएस-05. त्यानं त्याच्या वाट्याला साल घातली आणि फर्मेंटर खोलीच्या कोपऱ्यात ठेवून मोकळा झाला. मी माझा पाण्याच्या टबात ठेवला, वरून ओलं फडकं गुंडाळलं, आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहिलो. “तापातल्या पोरासारख्या पट्ट्या काय बदलताय!” म्हणून माझी यथेच्छ टिंगल झाली. त्याला एक गोष्ट कधी पटलीच नाही: आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. पहिले दोन-तीन दिवस फर्मेंटरच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. उन्हाळ्यात खोलीच तापलेली, त्यावर हे. मग यीस्ट फळांसारखे वास आणि घशाला चटका देणारी जड अल्कोहोलं तयार करत सुटतं. काळ्या, करपट माल्टच्या स्टाउटमध्ये यातलं बरंच खपून जातं. फिक्या एलमध्ये लपायला जागाच नाही. म्हणून ‘हलकी बीअर म्हणजे नवशिक्यांची बीअर’ असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

घरच्या जमावात दोन्ही उघडल्या. पहिल्या ग्लासाला टाळ्या त्याच्याच. “वा, संत्रं!” मी गप्प बसलो. तासाभरानं मात्र संत्र्याचे अर्धवट ग्लास खिडकीत, टेबलाखाली, जिकडेतिकडे, आणि ‘ती दुसरी साधी आहे का अजून?’ अशी विचारणा. विचारणाऱ्यांत आमच्या वहिनीही, ज्यांना एरवी बीअरचा वासही सोसत नाही.

सगळ्यांना आवडणारी बीअर ओळखायची खूण माझ्या मते एवढीच: दुसरा ग्लास मागितला जातो का? पहिल्या घोटाचं कौतुक तर लोक भिडेखातरही करतात. जर्मनीतल्या कोलोनमध्ये तिथली क्योल्श नावाची एल 0.2 लिटरच्या उभट ग्लासात देतात, आणि तुम्ही ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवेपर्यंत वाढपी न विचारता पुढचा ग्लास आणत राहतो. ही पद्धत टिकली, कारण ती बीअरच तशी आहे: फिकी, स्वच्छ, कोरडी, वर बेताचा हॉप (बीअरला कडवटपणा देणारी फुलं). तिथल्या ब्रुअरींनी 1986 मध्ये करार करून क्योल्श कशाला म्हणायचं ते ठरवून टाकलं. त्यात सालीला जागा नाही.

मेहुण्याचं म्हणणं, हा सामना न्याय्य नव्हता. फरक सालीनं पडला नाही, तापमानानं पडला. अरे, मी दुसरं काय सांगतोय? तापमान सांभाळलंस तर सालीची आठवणही येणार नाही.

बाकी तुमच्या रेसिपीबद्दल थोडक्यात. 20 लिटरसाठी पिल्सनर माल्ट 3.3 किलो, व्हिएन्ना माल्ट 250 ग्रॅम, मक्याचे किंवा तांदळाचे फ्लेक्स 400 ग्रॅम. फ्लेक्सना नाकं मुरडणारे मुरडोत, अंग हलकं होतं ते त्यांच्यामुळेच. मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवणं, 65 अंश सेल्सिअसवर तासभर, त्याच्या वर नको, नाहीतर न आंबणारी साखर उरते आणि बीअर जिभेवर जड लागते. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) 1.042च्या आसपास, शेवटची 1.008, म्हणजे साधारण साडेचार टक्के अल्कोहोल. हॉप्स हालरताउ किंवा साझ, 5 टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातूनच येतो) धरले तर 25 ग्रॅम उकळीच्या साठ मिनिटांना आणि 15 ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांना. कडवटपणा वीस आयबीयूच्या (कडवटपणाचं माप) आत राहतो. आंबवणी 18 ते 20 अंशांत. दोन आठवडे हात लावू नका, घाईनं बाटलीत भरलेल्या एलला कच्च्या सफरचंदाचा वास येतो. बाटल्या तपकिरीच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बीअर उन्हात ठेवली तर हॉप्सना फार लवकर घाण वास सुटतो.

पाणी नळाचं असेल तर क्लोरीन काढा, कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी पुरते. नाहीतर औषधाच्या बाटलीसारखी चव येते आणि दोष बिचाऱ्या यीस्टला जातो.

हे वर लिहायला हवं होतं: घरी बीअर करणं सगळीकडे कायदेशीर नाही. तुम्ही राहता तिथला नियम आधी बघा. आणि हायड्रोमीटरचा (ग्रॅव्हिटी मोजायच्या साधनाचा) आकडा सलग तीन दिवस तोच येईपर्यंत बाटल्या भरू नका. प्रायमिंगला, म्हणजे बाटलीत फेस धरायला, 20 लिटरला 130 ग्रॅम साखर, जास्त नाही. बाटल्या खरंच फुटतात.

एवढं वाचूनही साल घालायचीच असेल तर निम्म्याच वर्टमध्ये घाला. 10 लिटरला एका संत्र्याची पुरे, आतला पांढरा भाग खरवडून काढलेली, शेवटच्या पाच मिनिटांत. पण दोन्ही फर्मेंटर एकाच टबात ठेवा, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा नको. पाहुण्यांनी दुसरा ग्लास कोणता मागितला ते इथे नक्की लिहा. मला ते एका माणसाला दाखवायचंय.