कॉलेजची मुलं स्वयंसेवक म्हणून हवीत? बडोद्यातल्या वाचकांचे प्रश्न

आमच्या मंडळाच्या युवा शाखेत दर शनिवारी १० ते १५ वयाच्या मुलांचे खेळ आणि अभ्यासवर्ग चालतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परिसरात पत्रकं लावली, ६० विद्यार्थ्यांनी ऑनलाइन फॉर्म भरला, प्रत्यक्ष आले ५. चुकलं कुठे? (दांडिया बझार)

फॉर्म भरायला मिनिटभर लागतं, म्हणून थोडी गळती होणारच. पण ६० चे ५ होतात ते बहुतेक वेळा फॉर्म आणि पहिला शनिवार यांच्यामध्ये कोणीच संपर्क न साधल्यामुळे. नाव आलं की दोन दिवसांत फोन करा. सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकून 'कोण कोण येतंय?' असं विचारू नका. तिथे प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी जाईल. फोनवर तीनच गोष्टी पक्क्या करा: कोणता शनिवार, किती ते किती, आणि त्या दिवशी त्याने नेमकं काय करायचं. आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन.

पत्रकात 'समाजासाठी वेळ द्या' एवढंच लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'शनिवारी ४ ते ६, सहावी-सातवीच्या ८ मुलांचा गणिताचा गृहपाठ, सोबत एक अनुभवी ताई किंवा दादा, ऑगस्ट ते मार्च, परीक्षेचे आठवडे सोडून.' शेवटची तारीख आवर्जून द्या. काम कधी संपणार हे माहीत असलं की विद्यार्थी मनापासून हो म्हणतो.

पत्रकापेक्षा वर्गात जाऊन बोलणं कितीतरी चांगलं. प्राध्यापकांना विचारून तासाच्या सुरुवातीची ५ मिनिटं मागा आणि बोलायला मंडळाच्या अध्यक्षांना नव्हे, सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्याला उभं करा. तारखांचे रकाने आखलेला कागद तिथेच फिरवा. दोन मैत्रिणींनी एकत्र नावं दिली तर त्यांना एकाच शनिवारी ठेवा; अनोळखी ठिकाणी एकटं जायचा संकोच हे न येण्याचं मोठं कारण असतं.

राहिली वेळ. नवरात्राच्या नऊ रात्री बडोद्यातला विद्यार्थी गरब्यात असतो. पाठोपाठ दिवाळी येते, वसतिगृहातली मुलं घरी जातात, त्याच सुमारास सत्राच्या परीक्षा. म्हणून नवा स्वयंसेवक नवरात्राआधी किमान चार-पाच शनिवार येऊन रुळलेला हवा. दुसरी, लहान भरती उत्तरायणानंतर, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात करा.

कोणत्या फॅकल्टीत जावं? एनएसएसमार्फत मुलं मिळतात का? (कारेलीबाग)

मिळतात, मात्र त्यांच्या नियमांत बसून. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय ७ दिवसांचं विशेष शिबिर. तेव्हा तुमचं काम त्यांच्या तासांत धरलं जाईल का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारा. धरणार असतील तर हजेरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. वर्षअखेरीस आठवून भरलेले तास कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. प्रमाणपत्रावरही प्रत्यक्ष भरलेलेच तास लिहा.

सोशल वर्क फॅकल्टीचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून क्षेत्रकार्य करतात. त्यांना देखरेख करणारी व्यक्ती लागते, अहवाल लिहावे लागतात. म्हणजे ते हक्काचे मोकळे हात नव्हेत. शिकवायची तयारी असेल तरच विभागाशी बोला. मानव विकास किंवा शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांना मुलांसोबतच्या कामात रस असतोच, फाइन आर्ट्सवाले सुट्टीतल्या शिबिरात रंगत आणतात. पण गृहपाठासाठी कॉमर्स आणि सायन्सचे विद्यार्थी विसरू नका, संख्येने तेच जास्त आहेत.

१९ वर्षांच्या अनोळखी मुलांवर आमची लहान मुलं सोपवायची, तर खबरदारी काय घ्यावी? (मांजलपूर)

हा प्रश्न भरतीच्या आधी सुटायला हवा, आणि ओळखीच्या घरातला आहे म्हणून कोणालाही सूट नको. ओळखपत्राची प्रत, नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची नावं आणि त्या दोघांनाही प्रत्यक्ष फोन, मग २० मिनिटांची मुलाखत. पहिले चार शनिवार नव्या व्यक्तीने जुन्या स्वयंसेवकाबरोबरच काम करायचं. त्यानंतरही नियम कायम: कोणताही मोठा एका मुलासोबत बंद खोलीत एकटा नसेल, गाडीवरून एकट्याने कोणाला घरी सोडणार नाही, मुलांशी खासगी मेसेज करणार नाही. निरोप फक्त पालकांच्या ग्रुपवर. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

कायदाही समजावून सांगा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी मंडळात बैठक घेऊ' असं म्हणून ते लांबवता येत नाही. न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावा.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. प्रथम वर्षातला विद्यार्थी कधीकधी १७ वर्षांचाच असतो, म्हणजे कायद्याने तोही बालकच. त्याच्या पालकांचं संमतिपत्र घ्या आणि त्याला जबाबदार मोठ्या माणसांत मोजू नका.

स्वयंसेवकांना मराठी यायलाच हवं का? (वाडी)

नाही. आपली बहुतेक मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात, तेव्हा गणित गुजरातीत समजावलं तर उलट बरंच. गोष्टी, गाणी आणि नाटुकल्यांसाठी दोन-तीन मराठी बोलणारे असले की पुरे.

दोन-तीन महिन्यांत निम्मे सोडून जातात. त्यांना टिकवायचं कसं? (फतेहगंज)

आधी ते रिकामे बसत नाहीत ना, हे पाहा. १० मुलं आणि ९ स्वयंसेवक असतील तर निम्मे भिंतीला टेकून मोबाइल बघतात आणि पुढच्या शनिवारी येत नाहीत. ८ मुलांमागे २ हे प्रमाण ठेवा आणि महिन्यातले दोनच शनिवार मागा. सहा-सात जणांमागे एक समन्वयक नेमा; कोणी सलग दोनदा आलं नाही तर त्याने फोन करायचा, जाब विचारायला नव्हे, काय अडलं ते कळायला. बस-रिक्षाचं भाडं त्याच दिवशी हातात द्या, मागायला लावू नका. वसतिगृहातल्या मुलींची परत जायची वेळ विचारून वर्ग त्याआधी पुरेसा लवकर संपवा. परीक्षेची रजा आधीच जाहीर करा आणि परीक्षेनंतरच्या पहिल्या शनिवारची तारीखही तेव्हाच सांगून ठेवा.