सगळ्यात स्वस्त कोटेशन माझं, तरी काम दुसऱ्याला!
फ्रीलान्स डिझायनरांच्या प्रश्नांना उत्तरं

भोसरीतल्या कारखान्याला ब्रोशर हवं होतं. मी 'ब्रोशर डिझाइन, ९,००० रुपये' असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. काम दुप्पट दराच्या डिझायनरला गेलं. असं का? (पिंपळे सौदागर)

कारण त्या एका ओळीतून काहीच कळत नाही. पानं किती, फोटो कोण काढणार, मजकूर कोण देणार, छपाई धरली आहे का? खरेदी विभाग रोज कोटेशनं वाचतो. जे लिहिलेलं नाही त्याचे पैसे नंतर मागितले जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे तुमचा लहान आकडाच त्यांना जोखमीचा वाटला.

कोटेशन एका पानाच्या पीडीएफमध्ये द्या. सुरुवातीला त्यांची गरज लिहा: 'प्रदर्शनात वाटण्यासाठी ए-४ आकाराचं ८ पानी ब्रोशर'. मग काय मिळेल ते: मुखपृष्ठाचे २ पर्याय, एक ठरल्यावर आतली पानं, दुरुस्त्यांच्या २ फेऱ्या, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची कड) ठेवलेली सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ. त्याखाली काय मिळणार नाही ते: फोटोग्राफी, भाषांतर, छपाई. तिसऱ्या फेरीपासूनचा तासाचा दर, जीएसटीचा उल्लेख आणि कोटेशनची मुदत (१५ दिवस पुरे) एवढं झालं की पान पूर्ण.

काम कधी देणार हे लिहिताना तारीख घालू नका. 'मजकूर आणि फोटो मिळाल्यापासून कामाचे १० दिवस' असं लिहा. उशीर बहुतेक वेळा मजकुरालाच होतो आणि तारीख मात्र तुमची चुकते. पिना मारून बांधायच्या ब्रोशरची पानं ४ च्या पटीतच बसतात, १० पानं होत नाहीत. हे तुम्ही आधी सांगितलंत तर तुम्हाला छपाई कळते हे समोरच्याला लगेच दिसतं. मराठी मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये येणार असेल, तर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. त्याचे तास वेगळे धरा.

दर काढायचा कसा? (कोथरूड)

शेजारच्या डिझायनरचा दर विचारून नव्हे, स्वतःच्या खर्चावरून. समजा घरी महिन्याला ६०,००० रुपये लागतात: वर्षाचे ७,२०,०००. सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर, इंटरनेट यांचे ८०,००० मिळवा. एकूण ८ लाख. वर्षात २४० दिवस काम धरलं, तरी ज्याचं बिल लागतं असे तास दिवसाला साडेचारच्या वर जात नाहीत. बाकीचा वेळ फोन, भेटीगाठी आणि कोटेशनं खातात. म्हणजे १,०८० तास. भागाकार साधारण ७४० रुपये. बुडणाऱ्या आणि रखडणाऱ्या पैशांसाठी १५ टक्के वाढवा: ८५०. चाळीस तासांचं काम ३४,००० चं झालं. ग्राहकाला मात्र तासांचा हिशेब न देता एकूण आकडाच सांगा. बजेट कमी असेल तर दर उतरवू नका, पानं किंवा पर्याय कमी करा.

'आधी एक लोगो करून दाखवा, आवडला तर काम देतो' म्हणतात. काय करू? (चिंचवड)

करू नका. त्यांच्या धंद्याची माहिती न घेता केलेला लोगो चुकीचाच निघतो आणि तुमचं माप त्यावरून काढलं जातं. त्याऐवजी त्याच क्षेत्रातलं तुमचं जुनं काम आणि दिशा सांगणारं अर्धं पान द्या. फारच आग्रह असेल तर छोटं काम पैसे घेऊन करा, उदाहरणार्थ एक व्हिजिटिंग कार्ड.

अपवर्कवर (फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर) तीस प्रपोजल पाठवली, उत्तर एकालाही नाही. (हडपसर)

यादीत ग्राहकाला प्रपोजलच्या फक्त पहिल्या एक-दोन ओळी दिसतात. त्या ओळींत तुम्ही स्वतःचा अनुभव सांगत असाल, तर तो पुढे उघडत नाही. तिथे त्याच्या कामाबद्दल नेमकं निरीक्षण लिहा: 'तुमच्या पाकिटावर वजन आणि चव एकाच जाडीत आहेत, दुकानाच्या फळीवर चव वाचता येत नाही.' मग मिळतंजुळतं एकच काम जोडा, आणि शेवटी ज्याचं उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारा. प्रपोजल पाठवायला तिथे 'कनेक्ट्स' खर्च होतात आणि त्यांना पैसे पडतात. म्हणून थोडी प्रपोजल पाठवा, पण जाहिरात पूर्ण वाचून.

काम देऊन तीन महिने झाले, कंपनी पैसे देत नाही. (वारजे)

पुढच्या कामाआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. म्हणून फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता ईमेलने पाठवा, तारीख राहते.

आणि पुढे ५० टक्के आगाऊ घ्या. उरलेले आल्यावरच छपाईची फाइल द्या.

ग्राहक लोगोचे 'सगळे हक्क' मागतो. द्यावेत का? (बाणेर)

द्या, पण लेखी आणि पूर्ण पैसे आल्यावर. तुम्ही नोकर नसाल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट मुळात तुमचाच. हस्तांतरणाच्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ग्राहकाला माल परदेशी पाठवायचा असेल, तर या दोन्ही गोष्टी त्याला आधीच सांगा.