मुलाचा आवाज नाजूक आहे म्हणून घाबरलेल्या आईबाबांसाठी

"मॅडम, मुलगा थोडा बायकी बोलतो हो, बाकी अभ्यासात वगैरे सगळं चांगलंय, पण लोक काहीबाही बोलतात... तो गे तर नसेल ना?" मी समुपदेशक आहे, असे फोन मला सारखे येतात. बोलणारी बहुतेक आईच असते आणि इतकी दबक्या आवाजात बोलते की शेजारच्या खोलीत कोणीतरी आहे हे लगेच कळतं. म्हणून एका केसबद्दल लिहितेय. घरच्यांची परवानगी घेतलीये, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

त्याला ओंकार म्हणूया. वय १९, डिप्लोमाला, घर नाशिकच्या सिडकोत, वडील अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये. आई त्याला घेऊन आल्या, त्याला बाहेर बसवलं आणि आत येऊन पहिलंच वाक्य, "तुम्ही त्याच्याशी गोड बोलून काढून घ्या आणि मला सांगा." मी म्हटलं, ताई, तो सज्ञान आहे, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी पण बाकी तो माझ्याशी जे बोलेल ते त्याचं, तुम्हाला काय सांगायचं ते तोच ठरवेल. त्यांना ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण उठून गेल्या नाहीत, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

ओंकार आत आला आणि बराच वेळ बोललाच नाही, मोबाईलवर टाइप करायचा आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवायचा. पार्सलवाल्याचा फोन उचलत नाही कारण पलीकडून "हां मॅडम, बोला" येतं. मित्राला व्हॉइस नोट पाठवायची तर रेकॉर्ड करतो, कानाला लावून ऐकतो, डिलीट करतो, परत घसा खाकरून जाड आवाजात बोलतो, परत डिलीट, आणि शेवटी नुसतं "ओके" टाइप करून पाठवतो. आणि ज्याने मला खरंच वाईट वाटलं ते म्हणजे वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर येत होतं तरी हा "येत नाही सर" म्हणाला, कारण मागे उभी असलेली पोरं नंतर त्याची नक्कल करतात. नक्कल कशी, तर मान वेळावून, हात हलवून, "अय्या, मी नाही गं येणार जा!" ओंकार आयुष्यात कधी असं बोललेला नाही. त्याचा आवाज थोडा वरच्या पट्टीतला आहे, वाक्याच्या शेवटी सूर चढतो, बास.

म्हणजे ती पोरं त्याची नक्कल करतच नव्हती, टीव्हीवरच्या स्किटमधल्या साडी नेसलेल्या माणसाची करत होती. आपल्याकडे तमाशातल्या नाच्यापासून आत्ताच्या कॉमेडी शोपर्यंत पुरुषाने बायकी बोललं की हशा ठरलेला, आणि त्या हशावर वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गे माणूस असाच बोलतो हे पक्कं बसलंय. काही गे मुलं आपल्या ग्रुपमध्ये मजेने "मी आले, मी गेले" म्हणतात हे खरंय, पण ती मोकळीक त्यांनी स्वतः घेतलेली असते आणि सगळे घेत नाहीत. कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत "मी जातो, मी येतो" म्हणतात, त्यांच्याबद्दल कोणाच्या आईला झोप लागत नाही असं कधी ऐकलंय का?

ओंकारने पहिला प्रश्न तोंडाने विचारला तो हाच, "पण लोकांना आवाजावरून कळतंच ना?" मी त्याला उगाच समजूत काढणारं उत्तर दिलं नाही. यावर इंग्रजी बोलणाऱ्यांवर बराच अभ्यास झालाय. १९९४ मध्ये गॉडिओ नावाच्या अमेरिकन संशोधकाने काही गे आणि काही स्ट्रेट (म्हणजे बायका आवडणारे) अशा आठ पुरुषांचं वाचन लोकांना ऐकवलं, ऐकणाऱ्यांचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले, पण आवाजाच्या चढउतारात मोजून असा ठोस फरक काही सापडला नाही. नंतर २००३ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी जास्त आवाज घेतले तर काही स्ट्रेट पुरुष लोकांना गे वाटले आणि काही गे पुरुष अगदी स्ट्रेट वाटले. तिकडे गे माणसं बोबडी बोलतात असाही एक समज आहे, तर मोजल्यावर बोबडेपणा नाहीच, उलट काही जणांचा स जास्त स्पष्ट निघाला. म्हणजे काही जणांच्या बोलण्यात काहीतरी असतं, पण नुसत्या आवाजावरून अमुक माणूस गे आहे असं ठरवणं हा अंदाजच, आणि त्या अंदाजावर एखाद्या मुलाचं कॉलेज अवघड करून टाकायचं?

पुढच्या वेळी वडील आले, सुट्टी टाकून आले होते. त्यांचा प्रश्न सरळ, आवाज जाड व्हायचं काही औषध, इंजेक्शन आहे का. मी म्हटलं दादा, आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा, कारण वयात येताना स्वरयंत्र वाढतं, आवाज फुटतो, पण काही मुलांचा आवाज सगळं नॉर्मल असूनही वरच्या पट्टीतच राहतो, आणि मुलाला स्वतःला हवं असेल तर स्पीच थेरपीने त्यात बऱ्याचदा चांगला फरक पडतो. मात्र त्याने पट्टी बदलेल, त्याला कोण आवडतं ते बदलणार नाही. ओंकारची तपासणी झाली, काही दोष नाही. थेरपी घ्यायची का असं डॉक्टरांनी त्याला विचारलं तर तो नको म्हणाला, आणि वडिलांनी तिथे वाद घातला नाही.

आईची भीती वेगळीच होती, दोन मोठ्या बहिणींमध्ये वाढला म्हणून असं झालं का. नाही हो ताई. बोलण्याची ढब बहिणींकडून येऊ शकते, आपण सगळेच ज्यांच्यात राहतो त्यांच्यासारखं बोलतो, पण बहिणींमुळे कोणी गे होत नाही.

आता समजा एखादा मुलगा गे असलाच तर? हा प्रश्न पालक विचारत नाहीत, म्हणून मीच काढते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत, त्याच वर्षी इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हा आजार नाही असं स्पष्ट म्हटलं. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने "बरं करून देतो" वाले उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही कोणी असं सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठून या, मग तो डॉक्टर असो, बाबा असो की माझ्यासारखी समुपदेशक असो.

आणि उलटी बाजू पण ऐका. पंचवटीतला एक क्लायंट, तिशीचा, आवाज असा खणखणीत की मंडळाच्या मिरवणुकीत माइक याच्याच हातात. त्याने मोठ्या भावाला सांगितलं, मी गे आहे, तर भाऊ म्हणे "काहीही काय, तू वाटत नाहीस तसा," आणि त्याच महिन्यात स्थळं बघायला सुरुवात! जाड आवाज म्हणजे प्रश्न मिटला असं घरच्यांनी धरलं, त्यात त्याची घुसमट झालीच पण जी मुलगी लग्न करून येणार होती तिच्या आयुष्याचं काय, याचा विचार कोणीच केला नाही. त्याने शेवटी स्वतः ठाम नकार दिला, त्यासाठी आम्ही बरेच महिने काम केलं.

ओंकार गे आहे की नाही हे मी इथे लिहिणार नाही, त्याच्या आईलाही माझ्याकडून कळलेलं नाही, आणि आता त्या विचारतही नाहीत. त्यांच्याबरोबर आम्ही फक्त घरात काय बोलायचं यावर काम केलं. जेवताना "नीट बोल, पुरुषासारखं बोल" हे बंद. पाहुण्यांसमोर त्याच्या वतीने उत्तर देणं बंद, तो अडखळला तरी थांबायचं, त्याचं वाक्य त्याला पूर्ण करू द्यायचं. वडिलांना हे जड गेलं, मधे एकदोनदा परत ओरडले, पण नंतर मुलाला जाऊन "तुझ्यावर आवाज चढवायला नको होता" म्हणाले. मध्यंतरी एका लग्नात मावशीने सगळ्यांसमोर विचारलंच, "याचा आवाज असा काय गं?" तर आई म्हणाल्या, "त्याचा आवाज आहे तो, तसाच आहे, तू जेवलीस का?" हे मला ओंकारने सांगितलं, टाइप न करता.

तुमच्या घरात असा मुलगा असेल आणि तो फोन उचलेनासा झाला असेल, वर्गात गप्प बसत असेल, कॉलेज टाळत असेल तर आवाजाची चिंता बाजूला ठेवा आणि या गप्प होण्याकडे आधी बघा. जवळ कोणी समुपदेशक नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि आईवडिलांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.