काळ्या वाळूचा अहवाल कसा वाचावा?

प्रश्न : किनाऱ्यालगतच्या वाळूचा नमुना आम्ही तपासून घेतला. चुंबकाने वेगळ्या केलेल्या काळ्या मालात लोह ५८ टक्के आणि टायटॅनियम डायऑक्साइड ८ टक्के निघालं. एक जाणकार म्हणतात माल उत्तम, दुसरे म्हणतात भट्टीच्या कामाचा नाही. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : प्रयोगशाळेत अशा वाळूचे नमुने तपासणं हेच माझं काम. तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा हवा होता तो आकडा त्यात नाही. हा काळा माल किती कच्च्या वाळूतून निघाला? समजा १०० ग्रॅम सुक्या वाळूत एकूण लोह २० ग्रॅम आहे आणि चुंबकाने ५८ टक्क्यांचा २५ ग्रॅम माल उचलला. म्हणजे साडेचौदा ग्रॅम लोह हाती आलं. उरलेलं साडेपाच ग्रॅम बहुतेक गार्नेट, पायरोक्सिन, इल्मेनाइट (लोह आणि टायटॅनियम दोन्ही असलेलं खनिज) अशा चुंबकाला नीट न चिकटणाऱ्या दाण्यांत अडकून मागे राहिलं. एक टन मालासाठी चार टन वाळू उपसावी लागणार. कच्च्या वाळूतल्या एकूण लोहावर नफ्याचा हिशेब मांडणारे इथेच फसतात.

नमुना वरवरचा असेल, तर हा हिशेबही फुकट. लाटा हलके दाणे ओढून नेतात, जड दाणे मागे राहतात. मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज, पाण्याच्या साधारण ५.२ पट जड; क्वार्ट्झ, म्हणजे फिक्या वाळूचे दाणे, २.६५ पट. म्हणून वादळानंतर वरचा थर काळाकुट्ट दिसतो आणि हातभर खाली फिकी वाळू लागते. भोक पाडून प्रत्येक मीटरचा नमुना वेगळा घ्या.

आता टायटॅनियम. वादाचं मूळ तेच आहे. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोह ७२.४ टक्के असतं. तुमचा माल त्याहून इतका खाली का, हे दाणा बघितल्याशिवाय कळत नाही. दाणे रेझिनमध्ये बसवून, घासून गुळगुळीत केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले की उलगडा होतो. इल्मेनाइटचे सुटे दाणे दिसले तर उपाय सोपा : माल पाण्यात कालवून पुन्हा कमी ताकदीच्या चुंबकाने उचला. इल्मेनाइट मागे पडेल, ८ चा आकडा खाली येईल. पण टायटॅनियम मॅग्नेटाइटच्या स्फटिकातच मुरलेलं असेल, तर कितीही दळा, कितीही वेळा चुंबक फिरवा, ते सुटत नाही. मग ५८ हा तुमच्या मालाचा जवळजवळ कळसच समजा.

म्हणून माल वाईट ठरतो असं मात्र नाही, आणि हे मी आग्रहाने सांगते. लोखंड गाळण्याच्या नेहमीच्या झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेस) टायटॅनियम जास्त झालं की मळी, म्हणजे लोखंडावर तरंगणारा वितळलेला गाळ, घट्ट होते, भट्टीतून नीट वाहत नाही. तुमचे दुसरे जाणकार याच भट्टीबद्दल बोलत असणार. न्यूझीलंडमधल्या ग्लेनब्रूकला मात्र अशाच टायटॅनियमयुक्त वाळूपासून पोलाद बनवत आले. तिथे वाळू कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत तापवून मग विजेवर वितळवण्याची पद्धत बसवली. शिवाय व्हॅनेडियम या धातूने युक्त मळी वेगळी काढून विकली. तेव्हा माल घेणाऱ्याची भट्टी कोणती, हे आधी विचारा.

पुढच्या तपासणीत व्हॅनेडियम, फॉस्फरस आणि सिलिका यांचे आकडे मागून घ्या; सगळे सुक्या वजनावर. ‘तापवल्यावरची घट’ उणे आली तर प्रयोगशाळेवर संशय घेऊ नका. मॅग्नेटाइट हवेत तापताना ऑक्सिजन घेतं आणि वजन वाढतं. शुद्ध असेल तर साधारण साडेतीन टक्क्यांनी.