पोटाची दुर्बीण पुन्हा कधी करायची?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ५४, अॅसिडिटी जुनीच आहे, मागच्या महिन्यात एन्डोस्कोपी केली तर बायोप्सीच्या रिपोर्टमधे ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ आलं आणि एच. पायलोरी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले कोर्स करा, ३ वर्षांनी परत बघू. पण नेटवर वाचलं की ही कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. नणंद म्हणते दर ६ महिन्यांनी दुर्बीण घाला. माझे सासरे पोटाच्या कॅन्सरनेच गेले. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत, सासऱ्यांची. ती डॉक्टरांना सांगितली होती का? नसेल तर उद्याच सांगा, कारण पुढची तारीख त्यावरच बदलू शकते.

आधी भीतीचं बोलू. एच. पायलोरी हा जंतू जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज आणतो, मग तिथल्या ग्रंथी झिजतात आणि त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, त्याला मेटाप्लेझिया म्हणतात. हा कॅन्सर नाही. त्याच्या पुढची पायरी डिस्प्लेझिया, म्हणजे पेशींचं रूप बिघडून त्या कॅन्सरकडे झुकणं, ती यांच्या रिपोर्टमधे असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. नेदरलँड्समधे हजारो पेशंटच्या नोंदी तपासून २००८ साली एक अभ्यास आला, त्यात मेटाप्लेझियावाल्यांपैकी वर्षाला साधारण ४०० मधे एकाला कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण अगदीच सोडून द्यावं असंही नाही.

आता रिपोर्ट हातात घ्या आणि बघा तुकडे कुठून घेतलेत. जठराचा खालचा भाग म्हणजे अँट्रम आणि वरचा मोठा भाग म्हणजे बॉडी, दोन्हीकडून निदान २-२ तुकडे आणि तेही वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवलेले असले तरच बदल किती पसरलाय ते कळतं. एकच तुकडा, एकच बाटली असेल तर ३ वर्षं की कमी हे ठरवायला पायाच नाही, मग एकदा नीट मॅपिंग, म्हणजे दोन्ही भागांतून वेगवेगळे तुकडे घेऊन तपासणी, करून घ्या असं मी स्पष्ट सांगेन. युरोपातल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बदल दोन्ही भागांत असेल तर ३ वर्षांनी, आणि शिवाय आईवडील-भावंडांत पोटाचा कॅन्सर असेल तर १ ते २ वर्षांनी. फक्त एकाच भागात असेल आणि घरात कॅन्सर असेल तर ३ वर्षं ठीक. ६ महिन्यांची घाई डिस्प्लेझिया सापडला तर, एरवी नाही, उगाच त्रास आणि खर्च.

दुर्बीण किती वेळा यापेक्षा कशी केली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जठरातला फेस-चिकटा धुवून, हवा भरून घड्या उलगडून, एनबीआय (अस्तरातले बारीक बदल उठून दिसावेत म्हणून वापरतात तो खास) लाइटखाली निवांत बघितलं तर बारीक डाग दिसतो, आणि तो लवकर सापडला तर बऱ्याचदा पोट न फाडता दुर्बिणीतूनच काढता येतो. घाईत उरकलेल्या तपासणीत तोच सुटतो.

गोळ्यांचा कोर्स मधेच सोडू देऊ नका, तोंड कडू होतं, जुलाब होतात, लोक आठव्या दिवशी बंद करतात. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवडे थांबायचं, त्यातले शेवटचे २ आठवडे पॅन्टोप्रेझोलसारखी अॅसिडिटीची गोळीही बंद (डॉक्टरांना विचारून), आणि मग ब्रीद टेस्ट (श्वासाची तपासणी) किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट (शौचात जंतूचे अंश आहेत का ते बघणारी) करून जंतू गेला याची खात्री करायची. रक्ताची टेस्ट इथे नको, ती जंतू मेल्यावरही बरेच दिवस पॉझिटिव्हच दाखवते. जंतू गेला तरी मेटाप्लेझिया सहसा पूर्ण पुसला जात नाही, म्हणून दुर्बीण चालू ठेवायचीच. विडी-सिगारेट असेल तर बंद, लोणचं-पापड-खारं कमी.

मधल्या काळात वजन उतरलं, शौच डांबरासारखी काळी झाली, गिळायला अडकलं, हिमोग्लोबिन घसरलं, तर तारखेची वाट न बघता जायचं.

आणि नणंदबाई त्याच वडिलांची मुलगी आहेत ना? मग त्यांनी, आणि बाकीच्या भावंडांनीही, स्वतःची एच. पायलोरी टेस्ट करून घ्यावी, ती साधी ब्रीद टेस्टनेही होते.